शेत कुणाचं, माणसं कुणाची

चरित्रवाचक : दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या शेतमालकांचा आणि काळ्या शेतमजुरांचा विषय निघाला की तुम्ही कलमं काढता, उपकलमं काढता. माणूस काही दिसत नाही. म्हणून मी कास माइनेपासून सुरुवात करतो. १८९४ ते १९८५ असं लांबलचक आयुष्य त्याला मिळालं. नैर्ऋत्य ट्रान्सवालच्या कोरड्या, मक्याच्या पठारावर एका गोऱ्याच्या शेतावरून दुसऱ्या गोऱ्याच्या शेतावर जात तो निम्म्या वाट्यानं शेती करत राहिला. बैल त्याचे, नांगर त्याचा, राबणारं घर त्याचं. जमीन तेवढी गोऱ्याची. पीक निघालं की पोती निम्मी-निम्मी. सरकारी दप्तरात या माणसाचा माग काढायला जा, १९३१ सालची एक नोंद सापडते: कुत्र्याचा परवाना नव्हता म्हणून पाच शिलिंग दंड. बस्स. चार्ल्स व्हॅन ऑन्सेलेन या इतिहासकारानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याला आणि त्याच्या घरच्यांना कित्येक वर्षं बोलतं केलं, तेव्हा १९९६ मध्ये ‘द सीड इज माइन’ हे जाडजूड चरित्र उभं राहिलं. त्यातला कास कुणाचा गुलाम वाटत नाही. तो घासाघीस करतो, हट्ट धरतो, हिशेबात खोट दिसली तर बिऱ्हाड हलवतो. चपला शिवतो, लोखंड ठोकतो, औषधी मुळ्या ओळखतो. आणि त्याच्यासमोरचा गोरा? तोही पुष्कळदा कर्जात बुडालेला, बैल नसलेला, मक्याची वेळ कासइतकी न कळणारा. दोघांचे दुष्काळ एक, टोळधाड एक. अशा दोन माणसांमध्ये जे काही होतं त्याला ‘शोषण’ हा एकच शब्द लावून मोकळं व्हायचं, तर इतक्या मुलाखती घ्यायच्या कशाला?

कायदेवाचक : शब्द एकच असेल, पण त्याच्या खालचं काम फार बारीक आहे. कास घासाघीस करत होता, मान्य. कशावर उभा राहून? जी जमीन विकत घ्यायची त्याला बंदी होती, तिच्यावर. १९१३च्या नेटिव्ह्ज लँड ॲक्टनं देशाची सुमारे सात टक्के जमीन काळ्यांसाठी राखली आणि बाकी सगळीकडे त्यांना खरेदी बंद केली. १९३६ मध्ये दुसरा कायदा करून तो आकडा तेराच्या आसपास नेला. त्या तेरा टक्क्यांच्या बाहेर पाऊल टाकलं की माणूस कुणाच्या तरी जमिनीवरच उभा असणार, आणि तो ‘कुणी तरी’ गोराच असणार. ऑरेंज फ्री स्टेटमध्ये तर १९१३च्या कायद्यानं निम्म्या वाट्याची शेती सरळ बेकायदा ठरवली. त्या वर्षी काळा पत्रकार सॉल प्लाइकी तो प्रांत फिरला. जनावरं घेऊन रस्त्यावर आलेली कुटुंबं त्यानं पाहिली, मालकांनी त्यांच्यापुढं ठेवलेल्या अटी टिपल्या. अट काय? तू राहा, पण वाटेकरी म्हणून नको, नोकर म्हणून राहा. आणि तुझे बैलही माझ्या कामाला लाव. बायकोनंही यायचं. हे सांगणारा मालक परक्या गावचा नव्हता. आदल्या हंगामात याच माणसाबरोबर त्यानं पोती वाटून घेतली होती. तुमचं नातं कायद्याच्या एका फटक्यात वाकलं. इतकं लवचीक नातं कसल्या धातूचं होतं, एवढंच मला विचारायचं आहे.

चरित्रवाचक : आणि मला विचारायचं आहे की ते सगळीकडे का वाकलं नाही. ट्रान्सवालमध्ये निम्म्या वाट्याची शेती १९१३ नंतरही तीस-चाळीस वर्षं चालू राहिली. सरकारला ती नको होती, गोऱ्या शेतकऱ्यांच्या संघटना तिच्याविरुद्ध ठराव करत होत्या, आणि त्याच संघटनांचे सभासद घरी जाऊन काळ्या वाटेकऱ्याशी बोली करत होते. कारण बैल वाटेकऱ्याकडे होते. कायदा एक म्हणतो आणि बांधावर दुसरं चालतं, तर बांधावर जे चालतं त्याला काही नाव द्याल की नाही? व्हॅन ऑन्सेलेन स्वतः तिथल्या नात्याला ‘पॅटर्नलिझम’, म्हणजे बाप-लेकरासारखं नातं, म्हणतो, आणि ते शिवी म्हणून म्हणत नाही. दोन्हीकडे घरात म्हाताऱ्याचा शब्द चालायचा, दोन्हीकडे जनावरांवर जीव, दोन्हीकडे बायबलातला जुना करार. काळा माणूस अस्खलित आफ्रिकान्स बोलायचा, गोऱ्याला सेत्स्वाना किंवा सेसोथो यायची. पोरं तर एकत्रच वाढायची. ओढ्याकाठच्या मातीचे बैल करून खेळायची.

कायदेवाचक : मातीच्या बैलांवर पुष्कळ गोऱ्या लेखकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. त्याच पोरांपैकी एकाला पुढं दुसऱ्यानं ‘क्लाइनबास’, म्हणजे छोटा मालक, म्हणायचं असतं. त्या दिवसाबद्दल मात्र एखादं वाक्य असतं, आणि तेही हळहळीचं. एक पोरगा वसतिगृहाच्या शाळेत जातो. दुसरा गेलाच तर शेतावरच्या शाळेत जातो. ती शाळा मालकाच्या जमिनीवर, मालकाच्या मर्जीनं, मालकच व्यवस्थापक. १९५३च्या बांटू शिक्षण कायद्याखाली सरकार तिला थोडं अनुदान देणार. काढणी आली की वर्ग रिकामा. मालकाला शाळा नकोशी झाली की शाळाच बंद. या दोघांचं बालपण एकत्र गेलं, हे खरं आहे. ते बालपण कुठं संपवायचं हे एकाच्या बापानं ठरवलं, हेही तितकंच खरं आहे.

आता ‘बाप’ या गोष्टीकडे येतो, कारण तुमचा सगळा डोलारा तिच्यावर आहे. मालक बापासारखा, मजूर लेकरासारखा. बाप मारतो, पण आपला म्हणून मारतो. ठीक. मग मला असं कुटुंब दाखवा, जिथं घर सोडून जाणं हा फौजदारी गुन्हा आहे. केप कॉलनीत १८५६ मध्ये ‘मालक आणि नोकर’ कायदा आला, इतर प्रांतांतही तसेच कायदे झाले, आणि ते १९७४ पर्यंत लागू होते. काम सोडून गेलास, हुकूम मोडलास, उद्धटपणे बोललास, तर खटला दिवाणी नाही, तुरुंग. १९३२ मध्ये आणखी एक कायदा झाला. घरच्या कर्त्यानं करार केला की त्याची अल्पवयीन मुलंही बांधली गेली. पोरगा शहराकडे पळाला तर त्याला फटके, आणि अख्खं कुटुंब शेतावरून हाकलायची मालकाला मुभा. बापाच्या हातात मुलाचा कान असतो हे ऐकलं होतं. इथं मालकाच्या हातात मुलाचा कान होता आणि दुसऱ्या हातात त्याच्या आईबापाचं छप्पर.

चरित्रवाचक : फटक्यांचं मी नाकारत नाही. व्हॅन ऑन्सेलेनही नाकारत नाही. त्याचं म्हणणं तर असं की जिव्हाळा आणि चाबूक एकाच घरात नांदत होते. पण सगळीकडे सारखंच होतं असं म्हणाल तर मला बेथलचा उलगडा होत नाही. पूर्व ट्रान्सवालमधलं बेथल, बटाट्याचा मुलूख. मोठमोठी शेतं, दूरदूरच्या मुलखांतून आणलेले मजूर, रात्री कुलूपबंद कोंडवाड्यासारखी वस्ती, अंगावर बटाट्याची पोती कापून केलेले कपडे, मुकादमाच्या हातात कोरडा. १९४७ मध्ये पाद्री मायकेल स्कॉट आणि पत्रकार रुथ फर्स्ट यांनी ते उघड्यावर आणलं. गर्ट सिबांडे तिथल्याच मजुरांतून उभा राहिलेला पुढारी, त्यानं त्यांना वाट दाखवली. १९५२ मध्ये ‘ड्रम’ मासिकाचा हेन्री न्क्सुमालो स्वतः तिथं गेला आणि त्यानं ते लिहून काढलं. १९५९ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसनं बटाट्यावर बहिष्कार घातला. ज्या घरात बटाटा हे पोट भरायचं स्वस्त साधन, त्या घरांनी तो महिनोन्‌महिने शिजवला नाही. आता मला सांगा, सगळ्या शेतांवर बेथलच असतं तर बेथलच्या बातमीनं देश हादरला असता का? काळ्या लोकांनाच फरक ठाऊक होता. बेथलमध्ये नातं नव्हतं. मालकाला मजुराचा गाव माहीत नव्हता, मजुराला मालकाचा स्वभाव. नातं नसलं की काय होतं त्याचं बेथल हे उदाहरण आहे. म्हणजे जिथं नातं होतं, तिथं त्यानं काही तरी अडवून धरलं होतं.

कायदेवाचक : हा तुमचा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला मुद्दा. म्हणून त्याच्यावर थोडा वेळ घालवू या.

बेथलचे मजूर कुठून आले? काही भरतीदलालांनी फसवून आणले. पण पुष्कळसे शहरातून आले, पोलिसांच्या गाडीतून. जोहान्सबर्गच्या रस्त्यावर पास, म्हणजे सरकारी परवाना, दाखवता आला नाही की माणूस पकडला जायचा, आणि १९५०च्या दशकात त्याच्यापुढं पर्याय ठेवला जायचा: खटला चालवू, की शेतावर कामाला जाशील? कागदावर तो ‘स्वेच्छेनं’ जायचा. घरी बायकोला पत्ताही नसायचा. जोएल कार्लसन नावाच्या वकिलानं अशा हरवलेल्या माणसांसाठी न्यायालयात अर्ज घातले, एकेकाला न्यायाधीशापुढं उभं करायला लावलं, तेव्हा १९५९ मध्ये ती योजना गुंडाळावी लागली. याशिवाय तुरुंगातले कैदी शेतांना मिळायचेच. काही भागांत शेतकऱ्यांनी स्वतःच्या खर्चानं शेतांजवळ तुरुंग बांधून दिले, म्हणजे कामाची माणसं हाताशी.

आता तुमच्या चांगल्या मालकाच्या शेतावर या. तिथला मजूर त्याला सोडून कुठं जाणार? १९५२ पासून प्रत्येकाच्या खिशात पासबुक, त्यात मालकाची सही. शेतमजूर म्हणून एकदा नोंद झाली की मजूर-कचेरी त्याला कारखान्यात पाठवत नव्हती. शहरात राहायचा हक्क जन्मानं किंवा दीर्घ नोकरीनं मिळायचा, आणि शेतावर जन्मलेल्याला ते दोन्ही बंद. मालकाकडून सोडचिठ्ठी, ट्रेकपास, न घेता बाहेर पडला तर रस्त्यावर पकडला जाणार. आणि पकडला गेला तर कुठं पाठवला जाणार? बेथलला. तुमच्या दयाळू मालकाला चाबूक उचलायची गरज नव्हती, कारण तो दुसरीकडे उचललेला होता. मी त्याला वाईट माणूस म्हणत नाही. त्याची दया त्याला फार स्वस्त पडली, एवढंच म्हणतो. मजूर टिकवायला त्याला पगार वाढवावा लागला नाही. थोडं कमी वाईट असणं पुरलं.

चरित्रवाचक : म्हणजे तुमच्या मते त्या माणसांच्या मनात एकमेकांबद्दल जे काही होतं ते सगळं कायद्यानं घडवलेलं? मालकिणीचं बाळंतपण करणारी काळी बाई, तिच्याच पाठीवर वाढलेलं गोरं पोर, म्हाताऱ्या गड्याच्या दफनाला टोपी काढून उभा राहिलेला मालक, हे सगळं नाटक?

कायदेवाचक : नाटक कशाला? रडणारा मालक खरंच रडत असेल. मी फक्त हे पाहतो की तो ज्याला देणं समजत होता ते पुष्कळदा पगारच असायचं. वेस्टर्न केपच्या द्राक्षमळ्यांत बघा. तिथले बहुतेक मजूर सरकारी भाषेत ‘कलर्ड’, त्यांच्यातल्या कित्येकांचे पूर्वज त्याच मळ्यांवर गुलाम होते. तिथं मजुरीचा काही भाग दारूत दिला जायचा. दिवसातून ठरावीक वेळा मग भरून हलकी वाइन. तिला डॉप म्हणत. मालकांना ती रीत वाटायची, आपुलकीही वाटायची. १९६०च्या दशकात कायद्यानं बंदी घातली, तरी ती पुढं कित्येक वर्षं चालू राहिली. आज त्या भागात गर्भातच दारूचा परिणाम झालेल्या मुलांचं प्रमाण जगातल्या सगळ्यात जास्त प्रमाणांपैकी आहे. आता नाताळचं घोंगडं घ्या, महिन्याचं मक्याच्या पिठाचं पोतं घ्या, दूध घ्या, साबण घ्या. हे सगळं हक्काचं असतं तर त्याचा हिशेब मागता आला असता. भेट म्हणून दिलं की ‘काय मिळालं’ एवढंच विचारता येतं. ‘का नाही मिळालं’ हे विचारणारा कृतघ्न ठरतो.

चरित्रवाचक : इथं तुम्ही चुकता, आणि चुकता ते मजुरांच्या बाबतीत चुकता, मालकांचं मला सोयरसुतक नाही. तुम्ही समजता की भेटीची भाषा मालकानं लादली आणि मजुरानं ती मान खाली घालून घेतली. मळ्यांवरच्या या नात्याचा बारकाईनं अभ्यास करणाऱ्या आंद्रीस दु टॉयसारख्या संशोधकानं दाखवलंय की मजूर ती भाषा उलटवून वापरत. ‘तुम्ही आमचे बाप ना? मग पोराला दवाखान्यात न्यायला गाडी काढा. बाप ना? मग माझ्या आईला इथंच, तिच्या सासऱ्याशेजारी पुरू द्या.’ हे विनवणीच्या सुरात म्हटलेलं मागणं आहे. मालकाला नाही म्हणताना स्वतःच्याच बोलण्यातून मागं फिरावं लागायचं, आणि शेजारच्या शेतांवर ती गोष्ट पोचायची.

आणि दुसरी भाषा होती कुठं त्यांच्याकडे? तुमच्या कायद्यानं त्यांना काय दिलं होतं? कारखान्यातल्या मजुराला थोडंफार संरक्षण देणारे कायदे शेतमजुराला वगळून केलेले. संघटना नाही, ठरलेले तास नाहीत, किमान वेतन नाही. मूलभूत कामगार-अटींचा कायदा शेतापर्यंत पोचायला १९९३ उजाडलं, किमान वेतनाला २००३. तोवर त्यांना एकच कोर्ट होतं, मालकाच्या घराचा मागचा दरवाजा. तिथं जी भाषा चालते ती माणूस शिकतो, आणि काही जण ती वकिलापेक्षा चांगली बोलतात. त्यांच्या या कौशल्याला तुम्ही फसवणूक म्हणालात की त्यांचं शेवटचं हत्यारही काढून घेता.

कायदेवाचक : हे मान्य. हत्यार होतं. पण मग ते किती लांब पोचायचं तेही बघा.

१९६० नंतर ट्रॅक्टर आले, कापणी-मळणीची यंत्रं आली, लँड बँकेचं स्वस्त कर्ज आलं. मालकाला आता वर्षभर राबणारी कुटुंबं नको होती; हंगामापुरते हात हवे होते. सरकारलाही गोऱ्यांच्या ग्रामीण भागात इतके काळे लोक नको होते. सहा महिने राबायचं आणि त्याच्या बदल्यात घर, थोडी पेर, थोडं चराईरान, ही कूळ-मजुरीची पद्धत जिल्ह्याजिल्ह्यानं बेकायदा ठरवली गेली. नाताळ प्रांतातल्या वीनेन जिल्ह्यात १९६९ मध्ये. हजारो लोक उठवले गेले. आधीच खच्चून भरलेल्या राखीव भागात त्यांना ढकललं, तिथं चराई नाही म्हणून जनावरं मिळेल त्या भावानं गेली. १९६० ते १९८३ या काळात देशभर सक्तीनं हलवलेल्यांची मोजणी सरप्लस पीपल प्रोजेक्टनं केली: सुमारे पस्तीस लाख. त्यातला सगळ्यात मोठा गट कोणता? सोफियाटाउन, डिस्ट्रिक्ट सिक्स या शहरांतल्या उठवलेल्या वस्त्यांची नावं जगाला पाठ आहेत. पण सगळ्यात मोठा गट गोऱ्यांच्या शेतांवरून काढलेल्यांचा होता, अकरा लाखांवर. त्यांची गाणी झाली नाहीत, कारण प्रत्येक शेतावरून दोन-चार घरंच उठत होती. ‘तुम्ही आमचे बाप ना’ हे त्यांनीही म्हटलं असणारच. तुमचा कास माइनेसुद्धा शेवटी कुठं मेला? पिलान्सबर्गच्या कडेला, बोफुथात्स्वाना नावाच्या खोट्या स्वराज्यातल्या लेडिगमध्ये, जिथं त्याला त्याची शेती करता येत नव्हती.

चरित्रवाचक : कास तिथं मेला हे खरं. पण मग १९९४ नंतरचं तुम्ही कसं लावता? तेव्हा तर तुमचा कायदा मजुराच्या बाजूनं आला. १९९७चा कायदा म्हणाला, शेतावर राहणाऱ्याला कोर्टाच्या हुकमाशिवाय काढता येणार नाही. साठी गाठलेल्या आणि दहा वर्षं राहिलेल्याला तर जवळजवळ नाहीच. आणि झालं काय? न्कुझी या संस्थेनं केलेली पाहणी २००५ मध्ये आली. १९९४ ते २००४ या दहा वर्षांत शेतांवरून नऊ लाखांहून अधिक लोक घालवले गेले. आधीच्या दहा वर्षांपेक्षा जास्त. कोर्टाच्या मार्गानं गेलेली प्रकरणं शंभरात एखादं. तेही लोकशाही आल्यानंतर. मालकांनी वकिलाला विचारलं, उद्या हे लोक हक्क सांगतील का? वकील म्हणाला, सांगतील. मग आजच काढा. नातं होतं तोवर घर टिकलं. हक्क आला आणि घर गेलं.

कायदेवाचक : किंवा असं म्हणा की जे नातं हक्काच्या नुसत्या चाहुलीनं मोडलं, ते आधी कशावर टिकून होतं ते त्या दिवशी कळलं.

चरित्रवाचक : तसं म्हणायला सोपं आहे. त्याच वर्षांत सरकारनं शेतीची अनुदानं काढली, मका मंडळासारखी भाव बांधून देणारी मंडळं मोडली, बाजार उघडला. मालकालाही धडकी भरली होती. सगळं ‘दानत’ या खात्यावर टाकू नका. आणि मजूर काय म्हणतात ते ऐका. वेस्टर्न केपमधल्या म्हाताऱ्या मजुरांना विचारलं की कित्येक जण सांगतात, जुना बास बरा होता, निदान नावानं ओळखायचा. आता दलालाच्या ट्रकमधून यायचं आणि संध्याकाळी त्याच ट्रकमधून जायचं. २०१२ मध्ये डी डोर्न्सच्या द्राक्षमळ्यांवर संप पेटला तेव्हा दिवसाची किमान मजुरी ६९ रँड होती. त्यांनी १५० मागितले, सरकारनं १०५ केले, आणि काही मालकांनी लगेच आणखी कायम मजूर कमी केले. अशा माणसानं जुन्या बासची आठवण काढली तर तिला गुलामी मनोवृत्ती म्हणणार? जेकब द्लामिनी हा काळा लेखक आपल्या वर्णभेदाच्या काळातल्या टाउनशिपमधल्या बालपणाची ओढ कबूल करतो, आणि त्या राजवटीला क्षणभरही माफ करत नाही. दोन्ही एकत्र राहतात. म्हातारा मजूर जुन्या बासला बरा म्हणतो तेव्हा तो आजच्या दिवसाची मापं घेत असतो. मोजायला त्याच्याकडे दुसरी फूटपट्टी नाही.

कायदेवाचक : हे मी लिहून ठेवीन. पण ‘नावानं ओळखायचा’ यापाशी मला थांबायचंय. कोणत्या नावानं? मालकाच्या तोंडाला सोपं म्हणून ठेवलेल्या नावानं. कित्येक मालकांना आपल्या गड्याचं घरचं नाव माहीत नव्हतं, त्याची मुलं किती हेही धड माहीत नव्हतं. उलट गड्याला मालकाचं सगळं ठाऊक असायचं: कर्ज किती, बायकोशी भांडण कशावरून, कुठला मुलगा दारू पितो, कुठला शेत विकायला निघालाय. त्याला ते ठाऊक असणं भागच होतं, कारण मालकाच्या मनाच्या हवामानावर त्याचं छप्पर अवलंबून होतं. तुम्ही नात्याची मोजणी जिव्हाळ्यानं करता. मी म्हणतो ती माहितीनं करून बघा. एकाला दुसऱ्याबद्दल काहीच न कळता आयुष्य काढता येत होतं आणि तरी ‘ही आमची माणसं’ असं म्हणता येत होतं. दुसऱ्याला ती चैन नव्हती. आणि पुढं आठवणी लिहिल्या कुणी? ज्याला कमी माहिती होती त्यानं. म्हणून तर डेमन गालगटच्या ‘द प्रॉमिस’ या कादंबरीत, जिला २०२१चं बुकर मिळालं, काळ्या मोलकरणीला घर द्यायचं वचन घरभर दशकानुदशकं घोळत राहतं, आणि त्या बाईच्या मनात काय चाललंय ते वाचकाला शेवटपर्यंत धड कळत नाही. काही वाचकांना हा कादंबरीचा दोष वाटला. मला तो प्रामाणिकपणा वाटतो.

चरित्रवाचक : मजुराची बाजू कुठं सापडते मग? चरित्रं तर मोजकीच.

कायदेवाचक : कोर्टाच्या प्रतिज्ञापत्रांत. हसू नका. स्टेलनबॉशजवळच्या मळ्यावर राहणाऱ्या एका बाईचं प्रकरण २०१७ मध्ये थेट घटनात्मक न्यायालयात गेलं. तिची मागणी काय होती? घरातली जमीन सपाट करायची होती, पाणी आत आणायचं होतं, एक हात धुवायचं भांडं, आणखी एक खिडकी, छताला आतून आवरण. स्वतःच्या पैशानं. व्यवस्थापकाची हरकत होती. घर राहण्याजोगं नाही हे कुणी नाकारत नव्हतं. भांडण परवानगीचं होतं. कोर्टानं सांगितलं, मालकाशी बोलून घ्या, पण माणसासारखं राहायला मालकाची संमती लागत नाही. १९१३चा कायदा कधीच गेला, पासबुकं गेली, बास मेला, आणि खिडकीला अजून परवानगी लागते आहे असं कुणाला तरी मनापासून वाटत होतं. तुमच्या जुन्या नात्याचं हे उरलेलं हाड आहे.

चरित्रवाचक : आता माझं एक प्रकरण ऐका, तुमच्याच कपाटातलं. कूळ-मजुरांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला. ज्यानं शेतावर राबून त्याच्या बदल्यात जमीन कसली, जनावरं चारली, त्याला ती जमीन स्वतःच्या नावावर मागता येते. अर्जाची मुदत ३१ मार्च २००१. पण त्याला सिद्ध काय करावं लागतं? आपण राबलो एवढंच नाही. आपला बाप किंवा आजाही असाच राबत होता. पुढं सरकारनंच हजारो अर्ज धूळ खात ठेवले, इतके की २०१९ मध्ये म्वेलासे खटल्यात घटनात्मक न्यायालयानं सरकारवर विश्वास न टाकता ते निकाली काढायला वेगळा अधिकारी नेमणं कायम केलं. मूळ अर्जदार तोवर वारलाही होता. ते राहू द्या. मला दिसतं ते असं: जे नातं तुम्ही तासभर खोडून काढताय, तेच आता हक्काचा पुरावा झालंय. आज्यानं कोणत्या बासकडे नांगर धरला, कोणत्या ओढ्यापर्यंत त्याची गुरं चरायची, घरचं कोण कुठं पुरलंय, हे सांगता आलं तर जमीन. कागद नाहीतच, आठवण आहे, आणि आठवणीत तो बास आहे. कित्येकदा म्हाताऱ्या मालकाची साक्षही लागते. तो खरं बोलला तर हक्क शाबीत होतो. इथं तुमचा कायदाच माझ्या नात्याच्या दारात उभा आहे.

कायदेवाचक : उभा आहे. पण तो मालकाला विचारतो, हा इथं राबत होता का? ‘तुझा याच्यावर जीव होता का’ असं विचारत नाही. आणि बरंच झालं; जीव होता हे सिद्ध करावं लागलं असतं तर हक्क पुन्हा मालकाच्या मनाकडे गेला असता.

चरित्रवाचक : आणि मालक साक्षीला आलाच नाही तर? किंवा येऊन म्हणाला, मला आठवत नाही?

कायदेवाचक : तर शेजारच्या शेतावरची म्हातारी येईल, ओढा दाखवील, थडगी दाखवील.

चरित्रवाचक : थडगी नांगरली असतील तर?

कायदेवाचक : तर माझ्याकडे कलम आहे आणि पुरावा नाही. तुमच्याकडे गोष्ट आहे आणि कलम नाही. अशा अर्जदाराला आपल्या दोघांपैकी कुणाकडे पाठवायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

चरित्रवाचक : मी म्हणेन आधी माझ्याकडे पाठवा. पण तो म्हणेल, गोष्ट माझी पुष्कळदा सांगून झाली. मालकालाही सांगितली होती.